रेंज फुल, तरी नेट अडकलेलं: टीसीपी आणि वायरलेसचं जुनं भांडण

मोबाईलवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतायत, वर ४जी किंवा ५जी लिहिलेलं आहे, तरी स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतच राहतं. मग आपण नेटवर्कच्या नावानं खडे फोडतो, विमान मोड चालू-बंद करतो आणि बऱ्याचदा त्यानंतर तेच पेज झटकन उघडतं. असं का होतं? नेट नव्हतंच, तर लगेच कुठून आलं? आणि होतं, तर पेज उघडत का नव्हतं?

याचं उत्तर रेंजच्या कांड्यांमध्ये नाही. कांड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात ऐकू येतोय एवढंच सांगतात. त्या टॉवरवर गर्दी किती आहे, वाटेत डेटा हरवतोय का, यातलं काही त्या सांगत नाहीत. खरं उत्तर डेटा पोहोचवण्याच्या नियमांमध्ये, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये आहे. त्यातला सगळ्यात जुना आणि आजही प्रचंड वापरात असलेला प्रोटोकॉल म्हणजे टीसीपी. वाटेत पॅकेट हरवलं की टीसीपी त्याचा एकच अर्थ लावतो: पुढे गर्दी आहे, वेग कमी करा. तारेतून जाणाऱ्या डेटाच्या बाबतीत हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. हवेतून जाणाऱ्या डेटाच्या बाबतीत तो पुष्कळदा चुकतो. गेली तीसेक वर्षं इंजिनिअर लोक हीच चूक दुरुस्त करतायत.

टीसीपी नेमकं काय करतो?

तुम्ही फोटो पाठवता तेव्हा तो अख्खा जात नाही. त्याचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारण १,४०० ते १,५०० बाइट डेटा मावतो. म्हणजे ३ एमबीचा फोटो दोन हजारांहून जास्त पॅकेट्समधून जातो.

ही पॅकेट्स एका राउटरकडून दुसऱ्याकडे ढकलायचं काम आयपी करतो. पण आयपी कसलीच हमी देत नाही. पॅकेट हरवेल, उशिरा येईल, मागचं आधी पोहोचेल, काहीही होऊ शकतं. हा गोंधळ निस्तरायचं काम टीसीपीचं. तो डेटाला क्रमांक देतो. समोरच्या टोकाला डेटा मिळाला की तिकडून पोच येते. पोच आली नाही तर तो तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. सगळे तुकडे क्रमानं लागले की मगच ते ॲपच्या हवाली करतो.

प्रत्येक पॅकेटची पोच येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर काम फार रेंगाळेल. म्हणून टीसीपी पोचेची वाट न पाहता एका वेळी काही पॅकेट्स सोडतो. एकाच वेळी किती पॅकेट्स वाटेत असू द्यायची, या मर्यादेला विंडो म्हणतात. विंडो मोठी असेल तर वेग जास्त, लहान असेल तर कमी. पुढची सगळी गोष्ट या विंडोभोवतीच फिरते.

१९८६ ची कोंडी

टीसीपीचा मूळ आराखडा व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे वायरलेस त्यात सुरुवातीपासूनच होतं. २२ नोव्हेंबर १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळ रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून रेडिओवर पाठवलेली पॅकेट्स रेडिओ, उपग्रह आणि आर्पानेट अशा तीन वेगळ्या नेटवर्कमधून फिरवून दाखवली गेली. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेटनं अधिकृतपणे टीसीपी/आयपी स्वीकारला.

पण त्या वेळच्या टीसीपीला गर्दी ओळखता येत नव्हती. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातली लिंक अचानक कोलमडली. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड. वेग ३२ केबीपीएसवरून थेट ४० बीपीएसवर आला. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं! कारण साधं होतं. गर्दीमुळे राउटर पॅकेट्स टाकून देत होते, पाठवणारे तीच पॅकेट्स पुन्हा पाठवत होते आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. चौकात कोंडी झाली असताना प्रत्येकानं गाडी पुढे घुसवावी, तसला प्रकार.

व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात मुख्यतः तीन गोष्टी आहेत:

• सुरुवातीला विंडो लहान ठेवायची आणि प्रत्येक फेरीला दुप्पट करत न्यायची. फेरी म्हणजे पॅकेट जाऊन त्याची पोच परत यायला लागणारा वेळ. दुप्पट होत असूनही याला ‘स्लो स्टार्ट’ म्हणतात, कारण त्याआधी टीसीपी एकदम सगळं ओतायचा.

• एका मर्यादेनंतर विंडो जपून, प्रत्येक फेरीला एकेका पॅकेटनं वाढवायची.

• पॅकेट हरवलं की त्याला गर्दीची खूण समजायचं आणि विंडो एकदम छाटायची. एखादंच पॅकेट हरवलं आणि मागची पोहोचत असतील तर विंडो अर्धी होते, ही आजची सर्वसाधारण पद्धत. पोच येणंच बंद झालं तर विंडो पार एका पॅकेटवर येते.

या उपायानं इंटरनेट वाचलं असं म्हटलं तर ते अतिशयोक्त नाही. पण यामागे एक गृहीतक होतं आणि जेकबसन यांनी ते त्या लेखात स्पष्ट लिहिलं होतं: पॅकेट वाटेत खराब होऊन हरवण्याचं प्रमाण १ टक्क्याहून खूपच कमी असतं. म्हणून हरवलं म्हणजे गर्दीमुळेच हरवलं असं समजायला हरकत नाही. तारेच्या नेटवर्कसाठी हे खरं होतं. आपल्या खिशातल्या फोनसाठी ते तसंच खरं राहिलं नाही.

हवेत पॅकेट का हरवतं?

तांब्याची तार किंवा फायबर म्हणजे डेटासाठी राखीव रस्ता. हवा मात्र सगळ्यांची सामायिक. त्यातून जाणारा सिग्नल बिघडायला अनेक कारणं पुरतात:

• फोन आणि टॉवर यांच्यामध्ये भिंत, डोंगर किंवा नुसतं आपलं शरीर आलं तरी सिग्नल कमजोर होतो.

• एकच सिग्नल इमारतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतो. या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणूनच फोन वीतभर सरकवला तरी कधी कधी फरक पडतो.

• २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि चालू मायक्रोवेव्ह ओव्हन यांचा गोंगाट असतो.

• ट्रेनमध्ये किंवा गाडीत असताना फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा डेटा क्षणभर थांबतो.

या कुठल्याच कारणाचा गर्दीशी संबंध नाही. अशा वेळी वेग कमी करून काही फायदा नसतो. हरवलेलं पॅकेट लगेच पुन्हा पाठवणं हाच शहाणपणा. टीसीपी मात्र विंडो छाटून बसतो.

नुकसान किती होतं?

समजा, फेरीला १०० मिलिसेकंद लागतायत आणि विंडो १०० पॅकेट्सची आहे. वेग साधारण ११ ते १२ एमबीपीएस. एक पॅकेट हवेत खराब झालं आणि विंडो ५० वर आली. आता फेरीला एक पॅकेट या हिशोबानं पुन्हा १०० वर जायला ५० फेऱ्या, म्हणजे ५ सेकंद लागतील. तेवढ्यात दुसरं पॅकेट हरवलं तर पुन्हा घसरण. साप-शिडीच्या खेळात शिड्या छोट्या आणि साप मोठे असावेत, तशी गत.

१९९७ मध्ये मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपं सूत्र मांडलं. त्यानुसार जुन्या पद्धतीच्या टीसीपीचा वेग पॅकेट हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमूळानं कमी होतो. आपल्या १०० मिलिसेकंदांच्या उदाहरणात आकडे असे येतात:

• १०,००० पॅकेट्समधलं १ हरवलं: जास्तीत जास्त सुमारे १४ एमबीपीएस

• १०० पॅकेट्समधलं १ हरवलं: जास्तीत जास्त सुमारे १.४ एमबीपीएस

दुसऱ्या ओळीत ९९ टक्के पॅकेट्स व्यवस्थित पोहोचतायत, तरी वेग दीड एमबीपीएसच्या वर जात नाही. तुमचा प्लॅन ५० एमबीपीएसचा असो की ५०० चा, या हिशोबात प्लॅनचा आकडा येतच नाही. आज लिनक्स आणि त्यावर चालणारे बहुसंख्य सर्व्हर ‘क्यूबिक’ नावाची नवी पद्धत वापरतात. ती विंडो अर्धी न करता साधारण ३० टक्के कमी करते आणि लवकर सावरते. पण हरवलं म्हणजे गर्दी, हा विचार तिच्यातही तोच आहे.

बोगद्यातून बाहेर आल्यावरही नेट का येत नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पोच येणं पूर्ण बंद झालं की टीसीपी एक घड्याळ लावून थांबतो. वेळ संपली की पॅकेट पुन्हा पाठवतो. तरी पोच नाही आली तर पुढच्या वेळी दुप्पट थांबतो, मग त्याच्या दुप्पट.

समजा, तुम्ही व्हिडिओ पाहताय आणि गाडी घाटातल्या बोगद्यात शिरली. २० सेकंद सिग्नल गेला. सर्व्हरनं पहिल्यांदा १ सेकंद थांबून पॅकेट पुन्हा पाठवलं, मग २ सेकंदांनी, मग ४, मग ८, मग १६. म्हणजे सिग्नल गेल्यापासून १, ३, ७, १५ आणि ३१ व्या सेकंदाला प्रयत्न झाले. तुम्ही २० व्या सेकंदाला बाहेर आलात, रेंज फुल झाली. पण सर्व्हरचा पुढचा प्रयत्न ३१ व्या सेकंदाला आहे. मधले ११ सेकंद रस्ता पूर्ण मोकळा असूनही त्यावरून कुणीच येत नाही, कारण तुमची रेंज परत आली हे सर्व्हरला कळायला काही मार्गच नाही. शिवाय ३१ व्या सेकंदालाही सुरुवात पुन्हा एका पॅकेटपासून.

विमान मोड चालू-बंद केल्यावर किंवा पेज रिफ्रेश केल्यावर नेट झटकन का चालतं, तेही यातून कळतं. फोन जुनं कनेक्शन सोडून नवं उघडतो. नव्या कनेक्शनला ते लांबलेलं घड्याळ नसतं.

पहिला उपाय: हवेतली चूक हवेतच दुरुस्त करा

सर्व्हर अमेरिकेत, फोन तुमच्या हातात. शेवटच्या काही मीटरमध्ये हरवलेलं पॅकेट पुन्हा तिथून कशाला मागवायचं? टॉवर किंवा राउटरनंच ते पुन्हा पाठवावं, हा सरळ विचार. १९९० च्या दशकात यावर खूप काम झालं.

रटगर्स विद्यापीठात बाक्रे आणि बद्रीनाथ यांनी कनेक्शनचेच दोन तुकडे करायचं सुचवलं. सर्व्हर ते टॉवर हे एक कनेक्शन, टॉवर ते फोन हे दुसरं. वेग सुधारतो, पण एक धोका राहतो. टॉवरनं पोच देऊन टाकली आणि पुढे डेटा फोनपर्यंत पोहोचलाच नाही, तर सर्व्हरला वाटतं काम झालं.

बर्कलीत हरी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘स्नूप’ नावाचा वेगळा मार्ग दाखवला. बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा. पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले आणि २०२३ चा मार्कोनी पुरस्कार त्यांना मिळाला. स्नूपमध्ये कनेक्शन तोडायचं नाही. टॉवर जाणाऱ्या पॅकेट्सची प्रत स्वतःकडे ठेवतो, येणाऱ्या पोचा गुपचूप पाहतो आणि एखादं पॅकेट हरवलंय असं दिसलं तर स्वतःच पुन्हा पाठवतो. हरवल्याची खबर सर्व्हरपर्यंत जाऊच देत नाही. अडचण एवढीच की यासाठी टॉवरला टीसीपीची माहिती वाचता यायला हवी. व्हीपीएनसारख्या गोष्टींमध्ये ती बंद लिफाफ्यात असते.

आज सगळीकडे जे चालतं ते याच विचाराचं साधं रूप आहे. तुमचा वायफाय राउटर तुमच्या फोनला पाठवलेल्या डेटाची फोनकडून तिथल्या तिथे पोच घेतो आणि ती आली नाही तर पुन्हा पाठवतो. ४जी मध्येही टॉवर आणि फोन एकमेकांत अशीच दुरुस्ती करतात, तीही साधारण ८ मिलिसेकंदांच्या चक्रात. आधी खराब आलेला तुकडा फेकून न देता तो आणि नवा तुकडा जोडून अर्थ लावला जातो. त्यामुळे आज हवेत बिघडलेली बरीचशी पॅकेट्स टीसीपीला कळायच्या आतच दुरुस्त झालेली असतात.

दुरुस्तीची किंमत: उशीर

पण फुकट काही मिळत नाही. हरवणं कमी झालं, त्याच्या जागी उशीर आला. सिग्नल वाईट असेल तर तेच पॅकेट तीन-चारदा पाठवावं लागतं, तोवर मागची पॅकेट्स रांगेत थांबतात. कधी उशीर इतका वाढतो की टीसीपीचं घड्याळ आधीच वाजतं आणि तो वाटेतच असलेलं पॅकेट पुन्हा पाठवतो.

दुसरी अडचण रांगेचीच. पॅकेट टाकून द्यायला नको म्हणून टॉवर, मोडेम आणि राउटरमध्ये मोठमोठे बफर ठेवले गेले. टीसीपीला वाटतं, पॅकेट हरवत नाही म्हणजे गर्दी नाही. म्हणून तो भरतच राहतो. समजा, लिंकचा वेग १ एमबीपीएस आहे आणि बफरमध्ये १ एमबी डेटा तुंबलाय. म्हणजे ८ मेगाबिट. नव्यानं आलेल्या पॅकेटला आपला नंबर लागायला ८ सेकंद! जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. घरात कुणी फोटोंचा बॅकअप लावला की दुसऱ्याच्या गेममधला पिंग आभाळाला भिडतो, ते बहुधा यामुळेच.

थोडक्यात, टीसीपीची चूक दोन्ही बाजूंनी होते. गर्दी नसताना तो घाबरतो आणि गर्दी असताना त्याला ती उशिरा कळते.

दुसरा उपाय: निदानच बदला

हरवलेल्या पॅकेटवरून अंदाज बांधण्यापेक्षा गर्दी थेट मोजता आली तर? २०१६ मध्ये गूगलनं ‘बीबीआर’ ही पद्धत प्रसिद्ध केली. ती तयार करणाऱ्यांमध्ये १९८८ चा उपाय देणारे व्हॅन जेकबसन स्वतः होते. बीबीआर दोन गोष्टी सतत मोजतो: डेटा प्रत्यक्षात किती वेगानं पोहोचतोय आणि फेरीला कमीत कमी किती वेळ लागतो. वेग वाढत नाही पण फेरीचा वेळ वाढतोय, म्हणजे रांग तुंबतेय. एखादं पॅकेट हरवलं म्हणून तो लगेच घाबरत नाही.

त्यांच्या लेखातली चाचणी बोलकी आहे. १०० एमबीपीएस आणि १०० मिलिसेकंदांच्या लिंकवर १,००० पॅकेट्समधलं एक हरवलं तर क्यूबिकचा वेग दहापटीनं कमी झाला आणि १ टक्क्याच्या पुढे तो जवळपास ठप्प झाला. बीबीआरनं मात्र ५ टक्के पॅकेट्स हरवत असतानाही शक्य तेवढा सगळा वेग दिला. पण यालाही दुसरी बाजू आहे. हरवण्याकडे इतकं दुर्लक्ष करणारा प्रवाह शेजारच्या साध्या टीसीपीची जागा खाऊ शकतो, म्हणून पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याला आवर घालण्याचं काम सुरू झालं.

आणखी एक वाट म्हणजे राउटरनंच सांगायचं. २००१ मध्ये ठरलेल्या ईसीएन या पद्धतीत राउटर गर्दी वाढली की पॅकेट फेकण्याऐवजी त्यावर खूण करतो. मग अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. मात्र दोन्ही टोकं आणि मधला राउटर, सगळ्यांनी ती पद्धत पाळायला हवी.

तिसरा उपाय: क्विक

गूगलनं २०१२ च्या सुमारास सुरू केलेला ‘क्विक’ हा प्रोटोकॉल मे २०२१ मध्ये जागतिक मानक झाला. वेबची नवी आवृत्ती, एचटीटीपी/३, याच्यावरच चालते. यूट्यूब पाहताना बहुतेक वेळा तुम्ही तो वापरत असता. क्विक यूडीपीवर चालतो. यूडीपी १९८० पासूनचा. तो पॅकेट पाठवतो आणि विसरून जातो. पोच, क्रमांक, पुन्हा पाठवणं हे सगळं क्विक स्वतः करतो, फक्त टीसीपीपेक्षा वेगळ्या पद्धतीनं. वायरलेसवर त्याचे तीन फायदे दिसतात:

एक, सुरुवात लवकर होते. जुन्या पद्धतीत टीसीपीची ओळख आणि मग सुरक्षेची बोलणी यात डेटा सुरू व्हायच्या आधी तीन फेऱ्या जायच्या, नव्या टीएलएसमुळे त्या दोन झाल्या. क्विकमध्ये एकच फेरी लागते. आधी गेलेल्या साइटवर तर पहिल्याच पॅकेटबरोबर विनंती पाठवता येते. फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील तर हा फरक हाताला जाणवतो.

दोन, एकामुळे सगळे अडकत नाहीत. एका वेबपेजमध्ये फोटो, मजकूर, स्क्रिप्ट असं बरंच काही असतं. टीसीपीवर हे सगळं एकाच रांगेतून येतं. एका फोटोचं पॅकेट हरवलं तर मागे येऊन पडलेला मजकूरही ॲपला मिळत नाही, कारण टीसीपी क्रम मोडत नाही. क्विकमध्ये प्रत्येकाची खिडकी वेगळी. एका खिडकीवर खोळंबा झाला तरी बाकीच्यांचं काम चालू राहतं.

तीन, नेटवर्क बदललं तरी कनेक्शन टिकू शकतं. टीसीपीचं कनेक्शन दोन्हीकडचे आयपी पत्ते आणि पोर्ट यांवरून ओळखलं जातं. तुम्ही घरच्या वायफायवरून बाहेर पडून मोबाईल डेटावर आलात की पत्ता बदलतो आणि कनेक्शन मरतं. क्विक कनेक्शनला स्वतःचा ओळख क्रमांक देतो. ॲप आणि सर्व्हर दोघांचीही तयारी असेल तर पत्ता बदलूनही काम तिथूनच पुढे सुरू राहतं. जागा बदलली तरी मोबाईल नंबर तोच राहावा, तसं.

क्विक जादू नाही, हेही लक्षात ठेवा. गर्दीच्या निदानासाठी त्याच्यातही क्यूबिक किंवा बीबीआर यांसारखीच पद्धत लागते.

टीसीपीच्या घरातही एक उपाय निघाला. ‘मल्टिपाथ टीसीपी’ वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्ही वाटा एकाच कनेक्शनसाठी वापरतो. २०१३ मध्ये ॲपलनं आयओएस ७ मध्ये सिरीसाठी तो वापरायला सुरुवात केली, म्हणजे वायफाय दगा देऊ लागलं तरी प्रश्न अर्धवट राहू नये.

मग कॉल कसा चालू राहतो?

इंटरनेट कॉलमध्ये आवाज तुटतो, पण कॉल बराच वेळ चालू राहतो. कारण कॉल सहसा यूडीपीवर असतो. बोलण्याचा २० मिलिसेकंदांचा तुकडा हरवला तर तो दोन सेकंदांनी परत मिळून काय उपयोग? त्यापेक्षा पुढचा तुकडा वेळेवर आलेला बरा. गेलेली जागा ॲप आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजानं भरतं. फाइल पूर्ण हवी असते, आवाज वेळेवर हवा असतो. म्हणून सगळ्यांसाठी एकच प्रोटोकॉल कधीच पुरणार नाही.

तुम्ही काय करू शकता?

• रेंज परत आल्यावरही ॲप अडकलेलं असेल तर वाट बघत बसू नका. पेज रिफ्रेश करा किंवा विमान मोड काही सेकंद चालू करून बंद करा. (पेमेंट चालू असेल तर मात्र असं करू नका. कारण खाली आहे.)

• दूरच्या खोलीत वायफाय रखडत असेल तर राउटरच्या जवळ जा किंवा सरळ मोबाईल डेटावर या. कमजोर वायफायला चिकटून राहण्यात अर्थ नाही.

• राउटरच्या खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा, तिथे गोंगाट कमी असतो. भिंतीपलीकडे २.४ जास्त लांब पोहोचतं.

• गेम किंवा मीटिंगच्या वेळी फोटोंचा बॅकअप आणि मोठे अपलोड थांबवा.

• स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यावर भुलू नका. बहुतेक टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडतात, त्यामुळे एका कनेक्शनची रखड त्यात झाकली जाते. पिंग किती आणि तो स्थिर आहे का, हेही बघा.

• परीक्षेचा किंवा प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या दिवशी, चालत्या गाडीतून भरू नका. अपलोड अर्धवट तुटलं तर बऱ्याच साइट्सवर ते पहिल्यापासून करावं लागतं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पोच हरवली, तर पैसे गेले की नाही?

यूपीआयनं पैसे पाठवले आणि चक्र फिरत राहिलं, अशा वेळी दोन शक्यता असतात. तुमची विनंती बँकेपर्यंत गेलीच नाही, किंवा विनंती गेली, पैसेही गेले, पण ‘झालं’ हे उत्तर परत येताना हरवलं. फोनला या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्याच दिसतात. संगणकशास्त्रात याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणतात. भरवसा नसलेल्या वाटेवर कितीही पोचा पाठवल्या तरी शेवटची पोच मिळाली का, याची खात्री कधीच होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. टीसीपी, क्विक किंवा ५जी, कुणीच यातून सुटत नाही.

म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावरून नंतर ‘याचं काय झालं?’ असं विचारता येतं. तुम्हीही तेच करा. चक्र अडकलं की लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. चांगल्या नेटवर्कवर या, ॲपमधली हिस्ट्री उघडा, बँकेचा मेसेज किंवा खात्यातली शिल्लक बघा. ‘पेंडिंग’ दिसत असेल तर ते मिटेपर्यंत थांबा. ‘फेल’ दिसलं तरच पुन्हा पाठवा.

पॅकेट पुन्हा पाठवलं तर टीसीपी जास्तीची प्रत ओळखून टाकून देतो. दुसऱ्यांदा केलेलं पेमेंट मात्र नवा व्यवहार असतो, ते असं आपोआप टाकून दिलं जात नाही.